शहाण्णव तासांचा मापदंड : औषधे व सौंदर्यप्रसाधनांतील संयुगांच्या मत्स्य-विषालुतेविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत गोड्या पाण्यातील माशांवरील विषालुतेच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. आरंभी कीटकनाशके, पुढे जड धातू व कारखान्यांचे सांडपाणी आणि अलीकडच्या काळात औषधे व सौंदर्यप्रसाधने असे ह्या अभ्यासाचे विषय बदलत गेले. विषय बदलले तरी प्रयोगाचा साचा मात्र बहुतांशी तोच राहिला आहे. मासे बाजारातून अथवा मत्स्यबीज केंद्रातून आणावयाचे, पंधरवडाभर टाकीत रुळू द्यावयाचे, संयुगाच्या चढत्या संहतींत दहा-दहा मासे सोडून ९६ तासांत किती मेले ते मोजावयाचे आणि त्यावरून अर्धमारक संहती, म्हणजे निम्मे मासे ज्या संहतीत मरतात ती, काढावयाची. नंतर तिच्या एकदशांश संहतीत कल्ले, यकृत व रक्त ह्यांत कोणते बदल होतात ते नोंदवावयाचे, असा हा क्रम आहे. प्रस्तुत लेखकाने स्वतः ह्याच साच्यात काम केलेले असल्यामुळे पुढील चिकित्सा ही आत्मपरीक्षणाच्या स्वरूपाची आहे.

हा साचा कीटकनाशकांसाठी योग्य होता. कीटकनाशक मारण्यासाठीच घडविलेले असते. म्हणून ते किती मात्रेत मारते हा प्रश्न त्याच्या बाबतीत सरळ आणि सार्थ ठरतो. औषधाची गोष्ट निराळी आहे. औषध हे शरीराला न मारता, अल्प मात्रेत, शरीरातील एखाद्या नेमक्या प्रथिनावर कार्य करावे ह्या हेतूने निर्मिलेले असते. अशा द्रव्याचा धोका मरणाच्या मापाने मोजता येतो काय? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, तो तसा मोजता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीतही हे माप फसते, परंतु त्याचे कारण वेगळे आहे. ह्या दोन कारणांचा विचार करून, आपल्या प्रयोगपद्धतीत कोणते बदल आवश्यक आणि शक्य आहेत हे पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

१. मारक मात्रा आणि कार्यकारी मात्रा

गर्भनिरोधक गोळ्यांतील एथिनिल इस्ट्राडायॉल ह्या कृत्रिम संप्रेरकाचे उदाहरण येथे सर्वांत बोलके आहे. माशांसाठी त्याची अर्धमारक संहती लिटरमागे मिलिग्रॅमच्या घरात येते. नदीच्या पाण्यात ते आढळते ते मात्र नॅनोग्रॅमच्या घरात, म्हणजे सुमारे दहा लाखांश पटीने कमी. केवळ ९६ तासांच्या प्रयोगावर विसंबणाऱ्या अभ्यासकाने ह्यावरून ‘नदीतील मात्रा निर्धोक आहे’ असा निष्कर्ष काढला, तर गणिताच्या दृष्टीने त्यात चूक नाही.

हा निष्कर्ष किती फसवा आहे हे कॅनडातील एका प्रयोगाने दाखवून दिले. वायव्य ऑन्टेरिओमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी २६० क्रमांकाच्या तलावात २००१, २००२ व २००३ ह्या तीन वर्षांच्या उन्हाळ्यांत हे संप्रेरक सोडण्यात आले. पाण्यातील त्याची सरासरी संहती लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम एवढी राखली होती. करेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार फॅटहेड मिनो ह्या लहान माशाच्या नरांत व्हायटेलोजेनिन, म्हणजे एरवी मादीच्या यकृतात तयार होणारे पीतकाचे पूर्वप्रथिन, मोठ्या प्रमाणात आढळू लागले. वृषणांची वाढ खुंटली, काही नरांच्या वृषणांत अंडपेशी दिसल्या आणि काही वर्षांतच त्या तलावातील ह्या माशाची संख्या नामशेष होण्याच्या बेतास आली. पुढे ह्या लहान माशांवर जगणाऱ्या लेक ट्राउट माशांच्या संख्येलाही झळ पोहोचली. संप्रेरक सोडणे थांबविल्यानंतर मिनोंची संख्या काही वर्षांनी पूर्ववत झाली, हेही नोंदविले पाहिजे.

ह्या प्रयोगातून आपल्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, येथे माशांचे विषबाधेने मरण घडले नाही. पुढची पिढी निर्माणच झाली नाही. फॅटहेड मिनो अल्पायुषी असल्यामुळे दोन-तीन हंगाम प्रजनन फसणे त्याला पुरेसे ठरले. दुसरी अशी की, मारक मात्रा आणि विनाशकारी मात्रा ह्यांत लक्षावधी पटींचे अंतर असू शकते. तिसरी गोष्ट आपल्या पद्धतीला थेट भिडणारी आहे. अर्धमारक संहतीचा एकदशांश, विसांश किंवा पन्नासांश घेऊन केलेला ‘उपमारक’ प्रयोगही ह्या अंतराच्या पुढे नगण्य ठरतो. मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग म्हणजे २० मायक्रोग्रॅम. तलावातील मात्रा ह्याहून सुमारे चार हजार पटींनी कमी होती. एकदशांशाची ही प्रथा सोयीची आहे, परंतु नदीशी तिचा काही संबंध नाही.

२. औषध माशाच्या शरीरात का चालते?

मानवी औषध माशावर इतक्या अल्प मात्रेत कार्य का करते, ह्याचे उत्तर उत्क्रांतीत आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांची ग्राही प्रथिने व विकरे फार मोठ्या प्रमाणात समान आहेत. गुनारसन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मानवी औषधांच्या १,३१८ लक्ष्य-प्रथिनांची तुलना विविध जीवांशी केली, तेव्हा झेब्राफिशमध्ये त्यांपैकी ८६ टक्के प्रथिनांचे समधर्मी रूप आढळले. डॅफ्निया ह्या कवचधारी जीवात हे प्रमाण ६१ टक्के आणि एका हरित शैवालात ३५ टक्के होते. अर्थात, पाण्यात विरघळलेल्या औषधाचा सर्वांत जवळचा आणि असहाय ग्राहक मासाच होय. कारण तो त्या पाण्यातच श्वास घेतो आणि त्याच्या कल्ल्यांतून ते अखंड रक्तात जात राहते.

ही गोष्ट भारतीय मत्स्यशास्त्राला नवी नाही. १९५७ च्या जुलै महिन्यात ओरिसात हिरालाल चौधरी ह्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण देऊन प्रमुख भारतीय कार्पचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. १० जुलै हा दिवस त्याच्या स्मरणार्थ राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे पीयूष ग्रंथीच्या अर्काची जागा तयार मिश्रणांनी घेतली. आज आपल्या मत्स्यबीज केंद्रांतून रोहू, कटला व मृगळ ह्यांना टोचल्या जाणाऱ्या ओव्हाप्रिममध्ये मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅम संप्रेरकसदृश पेप्टाइड आणि १० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन असते. डोम्पेरिडोन म्हणजे उलटी थांबविण्यासाठी आपण औषधाच्या दुकानातून आणतो तेच द्रव्य. ते डोपामिनच्या ग्राहीला अडवते. माणसात त्याने मळमळ थांबते, तर माशात पीयूष ग्रंथीवरील अंकुश सुटून अंडमोचन होते. तिलापियाच्या पिलांना खाद्यातून मिथिल टेस्टोस्टेरॉन देऊन सर्व नर निपजविण्याची पद्धतही अशीच सर्वश्रुत आहे. माणसाचे औषध माशाच्या प्रजननावर चालते हे आपण वर्गात शिकवितो, शेततळ्यात वापरतो आणि प्रयोगशाळेत शिरताच विसरून किती मासे मेले ते मोजू लागतो. ही विसंगती आपल्या लक्षात येऊ नये ह्याचे नवल वाटते.

ह्याच समानतेवरून ह्युगेट व इतरांनी २००३ मध्ये एक उपयुक्त कल्पना मांडली. माशाच्या रक्तद्रवातील औषधाची पातळी मानवी उपचारातील पातळीच्या जवळ पोहोचत असेल, तर परिणामाची शक्यता गृहीत धरावी. म्हणजे मासा मरतो की नाही हे पाहण्याआधी त्याच्या रक्तात औषध किती चढले आहे हे पाहावे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल ह्या दुसऱ्या गर्भनिरोधक द्रव्याने फॅटहेड मिनोचे प्रजनन लिटरमागे एका नॅनोग्रॅमहूनही कमी मात्रेत खालावल्याचे २००९ मध्ये दिसून आले. हे वरवर अविश्वसनीय वाटते, परंतु द्रव्य पाण्यातून रक्तात किती पटींनी सांद्रित होते हे लक्षात घेतल्यास त्याची संगती लागते.

३. ‘हानी’ ह्या संकल्पनेची मर्यादा

मरणाऐवजी उपमारक लक्षणे मोजली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. स्वीडनमधील टोमास ब्रोडिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ऑक्साझेपाम ह्या चिंताशामक औषधाचा पर्च माशावरील परिणाम प्रसिद्ध केला. लिटरमागे १.८ मायक्रोग्रॅम संहतीत सात दिवस ठेवलेले मासे अधिक चपळ व धीट झाले, कळपापासून दूर राहू लागले आणि अन्न अधिक वेगाने खाऊ लागले. ऊतींत विकृती नाही, मृत्यू नाही. उलट, प्रथमदर्शनी हे मासे अधिक तरतरीत वाटावेत. ह्याच गटाशी संबंधित क्लामिंडर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्याहून अडचणीत टाकणारी बाब पुढे आणली. नैसर्गिक अधिवासातून आणलेल्या व मुळातच मृत्यूचे प्रमाण अधिक असलेल्या पर्च माशांत ऑक्साझेपाममुळे ते प्रमाण घटले. अशा प्रयोगाला आपल्या प्रचलित कोष्टकात स्थानच नाही. आपण गृहीत धरतो की, प्रदूषक असेल तर इजा होईल, आणि इजा नसेल तर प्रदूषक निरुपद्रवी. औषध इजा न करता केवळ ‘उपचार’ करील ही शक्यता आपल्या प्रयोगाच्या आराखड्यातच नसते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्लोबाझाम ह्या औषधाच्या प्रभावाखालील सामन माशांची पिले नदीतून समुद्रापर्यंत अधिक संख्येने पोहोचली आणि वाटेतील जलविद्युत धरणे त्यांनी अधिक लवकर ओलांडली.

हा लाभ मानावा काय? ज्या भित्रेपणामुळे मासा आजवर शिकाऱ्यापासून वाचत आला, तो भित्रेपणा नाहीसा होणे हे प्रयोगशाळेच्या टाकीत लाभदायक आणि नदीत घातक ठरू शकते. एका जातीचा लाभ हा तिच्या भक्ष्य जातीचा तोटाही असतो. तात्पर्य, औषधांच्या बाबतीत ‘विषालुता’ ह्या शब्दापेक्षा ‘कार्य’ हा शब्द अधिक नेमका आहे. माशाच्या शरीरात व वर्तनात अनाहूत बदल घडून येणे हाच मुळी परिणाम होय. तो चांगला की वाईट हे संदर्भावर अवलंबून राहते.

४. सौंदर्यप्रसाधने : वेगळा प्रश्न, वेगळे माप

औषधे व सौंदर्यप्रसाधने ह्यांचा उल्लेख संशोधनपर लेखनात एका श्वासात केला जातो. दोन्ही घरातूनच नदीत जातात म्हणून ते साहजिक असले, तरी शास्त्रीय दृष्ट्या ही जोडी बरीचशी भ्रामक आहे. औषधाचे लक्ष्य-प्रथिन ठाऊक असते, त्यामुळे माशात काय शोधावे ह्याचा अंदाज बांधता येतो. साबण, शाम्पू, अत्तरे, सनस्क्रीन ह्यांतील बहुतेक संयुगे शरीरात शिरून कार्य करण्यासाठी बनविलेलीच नसतात. त्यामुळे त्यांना माशात असे ठरलेले लक्ष्य नसते. शिवाय औषध शरीरातून अंशतः रूपांतरित होऊन बाहेर पडते. प्रसाधन मात्र अंगावरून जसेच्या तसे धुऊन न्हाणीघराच्या मोरीत जाते.

ह्या संयुगांपैकी अनेकांचा चिंतेचा गुण म्हणजे त्यांची मेदस्नेहिता. ती पाण्यात कमी आणि माशाच्या चरबीत अधिक राहतात. कृत्रिम कस्तुरीगंध देणारी नायट्रोमस्क संयुगे जपानमधील तामा नदीच्या माशांत आढळल्याची नोंद १९८१ इतकी जुनी आहे. ट्रायक्लोसान ह्या जंतुनाशकाचे सांडपाणी-प्रक्रियेतील सूक्ष्मजीव मिथिल ट्रायक्लोसानमध्ये रूपांतर करतात आणि हे रूपांतरित द्रव्य मूळ द्रव्याहून अधिक मेदस्नेही व अधिक टिकाऊ असते. स्वित्झर्लंडच्या तलावांतील माशांत ते आढळले आहे. सूर्यप्रकाशात ट्रायक्लोसानपासून डायॉक्सिन वर्गातील एक संयुगही तयार होते. म्हणजे ज्या द्रव्याची चाचणी आपण टाकीत घेतो आणि जे द्रव्य माशाच्या अंगात साठते, ती दोन भिन्न असू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानला ग्राहकोपयोगी जंतुनाशक साबणांतून सप्टेंबर २०१६ मध्ये वगळण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयामागचे कारण मात्र नदी हे नव्हते. साध्या साबणापेक्षा ते अधिक परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी दिला नाही, हे होते. माशाला ह्या निर्णयाचा लाभ झाला असेल, तर तो योगायोगाने.

तेव्हा सौंदर्यप्रसाधनांसाठी मुख्य प्रश्न ‘किती मात्रेत मरतो’ हा नाही, तसाच ‘कोणत्या ग्राहीवर चालते’ हाही पुरेसा नाही. ‘किती काळात किती साठते, आणि साठलेले अंड्यांत उतरते काय’ हा आहे. चार दिवसांच्या प्रयोगात साठा पुरता होतच नाही; मग त्याचा परिणाम दिसावा कोठून?

५. आपल्या प्रयोगांतील काही दोष

येथवर मापदंडाचा विचार झाला. आता त्याच्या वापरातील दोषांकडे वळणे प्राप्त आहे. हे दोष कोणा एका संस्थेचे नाहीत. कमी-अधिक प्रमाणात आपणा सर्वांचे आहेत.

पहिला दोष द्रव्याच्या निवडीचा. औषधाची गोळी कुटून पाण्यात घालावयाची आणि परिणाम मूळ औषधाचा म्हणून सांगावयाचा, ही पद्धत सर्रास दिसते. गोळीत औषधासह इतरही अनेक घटक असतात. शाम्पूच्या बाबतीत तर हा दोष गंभीर आहे. अख्खा शाम्पू टाकीत घातला की माशांच्या कल्ल्यांवर पहिला आघात होतो तो त्यातील फेस आणणाऱ्या पृष्ठसक्रिय द्रव्यांचा. कल्ल्यांच्या पटलिका सुजल्या, त्यांचे आवरण उचलले गेले, ह्या नोंदी खऱ्या असतात; परंतु त्यांवरून शाम्पूतील सुगंधी वा परिरक्षक द्रव्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा दोष संहतीचा. आपल्या शोधनिबंधांत दिलेली संहती ही बहुधा ‘घातलेली’ संहती असते, ‘मोजलेली’ नव्हे. ट्रायक्लोसानसारखे द्रव्य काचेला, खाद्याला, विष्ठेला चिकटते आणि उजेडात विघटित होते. चोवीस तासांनी टाकीत त्याचे किती प्रमाण उरते हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसरा दोष पाण्याच्या सामूकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा. अनेक औषधे आयनीभवन होणारी असतात आणि त्यांचा अविद्युतभारित अंश कल्ल्यांतून सहज आत जातो. फ्लुओक्सेटिन ह्या नैराश्यरोधकाची मेडाका माशासाठी ९६ तासांची अर्धमारक संहती सामू ७ असताना लिटरमागे ५.५ मिलिग्रॅम, तर सामू ९ असताना ०.२० मिलिग्रॅम आढळली आहे; म्हणजे सुमारे सत्तावीस पटींचा फरक. ट्रायक्लोसानच्या बाबतीत हे उलट घडते. सामू वाढला की त्याचा अविद्युतभारित अंश घटतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकावरून वाहणारे आपले पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि दुपारी शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाने त्याचा सामू आणखी चढतो. परदेशी निबंधातील आकडा सामू न पाहता आपल्या नदीला लावणे हे त्यामुळे धोक्याचे आहे.

चौथा दोष संख्याशास्त्रीय आहे. एका टाकीत दहा मासे सोडले म्हणजे दहा स्वतंत्र निरीक्षणे मिळत नाहीत. टाकी एक, म्हणून निरीक्षण एक. हरलबर्ट ह्यांनी १९८४ मध्येच ‘आभासी पुनरावृत्ती’च्या ह्या दोषाकडे लक्ष वेधले होते. तरीही एका नियंत्रित टाकीची एका प्रायोगिक टाकीशी तुलना करून ०.०५ च्या पातळीवर ‘लक्षणीय’ फरक जाहीर केला जातो.

पाचवा दोष तर्काचा असून तो सर्वांत गंभीर वाटतो. कॅटालेजची पातळी वाढली तर ‘ताणाला प्रतिसाद’, घटली तर ‘ताणामुळे ऱ्हास’. रक्तशर्करा वाढली तरी ताण, उतरली तरी ताण. कोणताही निकाल ज्या अनुमानाला पुष्टीच देतो, ते अनुमान शास्त्रीय राहत नाही. बदल कोणत्या दिशेने होईल हे प्रयोगापूर्वी सांगितले असेल, तरच त्या बदलाला पुराव्याचे मोल येते.

६. प्रतिपक्षाचा विचार

वरील प्रतिपादनावर तीन आक्षेप घेता येतील आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिला असा की, अल्प मात्रेचे सर्वच दावे टिकलेले नाहीत. डायक्लोफेनॅकमुळे ट्राउट माशाच्या कल्ल्यांत व वृक्कांत लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास विकृती होतात, असे २००४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुढील काळातील दीर्घ मुदतीच्या प्रयोगांत इतक्या कमी मात्रेत ते परिणाम पुन्हा आढळले नाहीत आणि मूळ ऊतिचित्रांच्या वाचनाविषयी तज्ज्ञांत वाद झाला. ह्यातून घ्यावयाचा धडा असा की, काचपट्टी कोणत्या गटातील आहे हे निरीक्षकाला ठाऊक नसताना तिचे वाचन झाले पाहिजे. डायक्लोफेनॅकने गिधाडांचा संहार केला हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. परंतु गिधाडांसाठी जे सिद्ध झाले ते माशांसाठी आपोआप सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, सर्व दोष औषधांचा नाही. सुझन जॉब्लिंग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये इंग्लंडमधील नद्यांत रोच माशांच्या नरांच्या वृषणांत अंडपेशी व्यापक प्रमाणावर आढळल्याचे दाखविले. त्यामागील सांडपाण्यात गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक होते, तसेच मानवी शरीरातून निसर्गतः बाहेर पडणारे इस्ट्रोन व इस्ट्राडायॉलही होते. म्हणजे हा प्रश्न केवळ औषधनिर्मितीचा नसून मैलापाण्यावरील प्रक्रियेचाही आहे.

तिसरा आक्षेप भारतीय परिस्थितीचा. युरोपातील नॅनोग्रॅमची भाषा आपल्याकडे लागू होईलच असे नाही. आपल्या काही ठिकाणी मात्रा खरोखरच मिलिग्रॅमच्या आहेत. योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हैदराबादजवळील पाटणचेरू येथे, सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत मोजले. केंद्रातून दिवसाला सुमारे १,५०० घनमीटर पाणी बाहेर पडत होते. म्हणजे एका दिवसात सुमारे ४५ किलोग्रॅम प्रतिजैविक. हे पाणी इसकावागू व नक्कावागू ह्या ओढ्यांतून मांजरा नदीला मिळते. बीडच्या बालाघाट डोंगरात उगम पावलेली ही नदी तेलंगणातून फिरून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीला मिळते, हे येथे आठवावे.

परंतु हे उदाहरणही अखेर मूळ प्रतिपादनालाच बळ देते. सिप्रोफ्लॉक्सासिनची माशांवरील तीव्र विषालुता अत्यल्प आहे. ९६ तासांच्या चाचणीत ते जवळजवळ निर्दोष ठरेल. त्याचा धोका प्रतिरोधक जीवाणूंची पैदास हा आहे आणि तो मासे मोजून कळत नाही. ह्याच केंद्राचे सांडपाणी ५०० पट पातळ करून त्यात ट्राउट मासे पाच दिवस ठेवले, तेव्हा ते जगले. परंतु त्यांच्या यकृतातील जनुकांच्या अभिव्यक्तीत, विकरांच्या क्रियेत व रक्तातील फॉस्फेटमध्ये बदल झाल्याचे २००९ मध्ये नोंदविले गेले. केवळ मृत्यू मोजला असता तर हे पाणी ‘उत्तीर्ण’ झाले असते.

७. महाविद्यालयांच्या मर्यादेत काय शक्य आहे?

नॅनोग्रॅम मोजणारी उपकरणे आपल्या विभागांत नाहीत, हे खरे आहे. म्हणून जुनाच प्रयोग चालू ठेवावा, हे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. नर माशातील व्हायटेलोजेनिनचा अप्रत्यक्ष अंदाज रक्तद्रवातील अल्क-विघटनशील फॉस्फेट मोजून घेता येतो आणि त्यासाठी साधा वर्णमापक पुरतो. वृषणाचे छेद घेऊन त्यात अंडपेशी आहेत काय हे पाहण्यास सूक्ष्मछेदक व सूक्ष्मदर्शक लागतो. तो प्रत्येक पदव्युत्तर विभागात असतो. शहराच्या वरच्या व खालच्या अंगाला, एकाच हंगामात, एकाच जातीचे नर मासे कोळ्यांच्या जाळ्यातून घेऊन अशी तुलना करणे हे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. मासा नदीतच वाढलेला असल्यामुळे मात्रा, मुदत आणि मिश्रण ह्या तिन्ही बाबी नदीनेच ठरविलेल्या असतात. ह्यात एकही मासा टाकीत तडफडत मारावा लागत नाही, हा आणखी एक विशेष.

टाकीतील प्रयोगच करावयाचा असेल तर संहती नदीत आढळणाऱ्या मात्रेपासून वर चढवीत न्यावी. मुदत किमान एकवीस दिवसांची असावी. प्रत्येक संहतीला तीन तरी टाक्या असाव्यात. शुद्ध द्रव्य वापरावे. सामू दररोज नोंदवावा. आणि ‘परिणाम नाही’ असा निकाल आला तर तोही प्रसिद्ध करावा. शेवटची सूचना आपल्यासारख्या नियतकालिकांच्या समीक्षकांना उद्देशून आहे. पदोन्नतीच्या गुणांसाठी निबंधांची संख्या महत्त्वाची ठरू लागली, तेव्हापासून चार दिवसांत पुरा होणाऱ्या प्रयोगाचे आकर्षण वाढले हे नाकारण्यात अर्थ नाही. केवळ अर्धमारक संहती देणारा निबंध परीक्षकानेच परत पाठविला, तर साचा आपोआप बदलेल.

समारोप

ह्या चिकित्सेला व्यावहारिक बाजूही आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सुधारलेल्या नागरी सांडपाणी निर्देशात सूक्ष्मप्रदूषके काढून टाकण्याच्या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलावा अशी तरतूद केली. भारतात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा जानेवारी २०२० मध्ये निघाला. ऑगस्ट २०२१ मधील अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा नव्हत्या. असे निर्णय घेताना पुरावा मागितला जातो. त्या वेळी आपल्या नद्यांतील, आपल्या जातींच्या माशांविषयी आपण काय सादर करणार? ९६ तासांत निम्मे मासे अमुक मिलिग्रॅमला मरतात, असे सांगणाऱ्या निबंधांचे गठ्ठे पुढे ठेवले, तर ‘नदीत इतकी मात्रा कोठे आहे?’ एवढ्या एका प्रश्नाने ते निकालात निघतील. किंबहुना, नदी निर्धोक असल्याचा दाखला म्हणून तेच वापरले जातील.

चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर हे अज्ञानाहून अधिक हानिकारक असते, कारण ते शोध थांबविते. मासा जिवंत आहे म्हणजे तो निरोगी आहे, हे गृहीतक सोडून देणे ही आपल्या अभ्यासाची पहिली पायरी ठरावी.